भास्कररावांच्या नावावरचा फोटो

नाशिक, शनिवार, १२ ऑगस्ट २००६

दुपारी देवळ्याहून सुमनताईंचा फोन आला. जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या माझ्या वेबसाइटवर त्यांच्या हिरव्या मशीनचा फोटो आहे, त्याबद्दल. दुसऱ्याच्या फोटोखाली नाव द्यायचंच, हा माझा नियम. फोटोचा ईमेल त्यांच्या यजमानांच्या नावाने आला होता, म्हणून मी खुशाल लिहिलं, 'छायाचित्र: भास्करराव'.

"ताई, तो फोटो मी काढलाय," त्या म्हणाल्या. "हे तर कांद्याच्या लिलावाला गेले होते. उजेड हवा म्हणून मी एकटीने ते धूड ओसरीवर ओढत नेलं. ह्यांना कॅमेऱ्याचं बटण कुठलं तेही ठाऊक नाही!" आणि हसल्या.

"आत्ता बदलते."

"नको हो! ह्यांनी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलाय. आता माझं नाव आलं तर तोंड लपवत फिरतील." मग म्हणाल्या, "तुम्हाला माहीत असावं, एवढंच."

किती सुंदर ऊन पडलंय त्या मशीनवर! त्या उन्हाचं मी ईमेलच्या उत्तरात कौतुकही केलं होतं. तेही भास्कररावांचंच.

फोटो कोणी काढला, एवढं विचारायला काय झालं होतं मला? माझ्या मैत्रिणींची पत्रंसुद्धा माझ्या नवऱ्याच्या नावाआधी 'मिसेस' लावून यायची, तेव्हा मी किती चिडायचे. आणि आज मीच...

ते ऊन सुमनताईंनी शोधलेलं.

संध्याकाळपासून दोनदा वेबसाइटवरचं ते पान उघडलं. दोन्ही वेळा नाव तसंच ठेवून बंद केलं.