वीतभर डावीकडे

सोमवार, २ डिसेंबर २०२४

चष्मा आला. उजवी काच बाहेरच्या कडेस जाड, नाकाकडे पातळ — दाराखाली सरकवावयाच्या पाचरीसारखी. डहाणू रोडचे डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे उजव्या डोळ्याची एक नस दुबळी झाली आहे. दोन-तीन महिन्यांत बहुधा पूर्ववत होईल. तोवर जागेपणी हा चष्मा काढावयाचा नाही.

गेले तीन आठवडे मला प्रत्येक वस्तू दोन दिसत होती. सौ. हिरकणीसुद्धा. तिला तसे सांगितले, तेव्हा म्हणाली, "मग त्यातली एक तरी तुमचं ऐकते का, बघा."

आता एकच दिसते. प्रश्न मिटला, असे वाटले. परंतु सायंकाळी चहाचा कप घ्यावयास हात पुढे केला आणि बोटे कपाच्या डावीकडे, निव्वळ हवेवर मिटली! हिरकणीने पाहिले. कप उचलून माझ्या हातात दिला. त्यापेक्षा बोलली असती तर बरे होते.

मंगळवार, ३ डिसेंबर

वाडीत चिकूची तोडणी सुरू आहे. तीन आठवड्यांनी बेडणी हाती घेतली. लांब बांबू, टोकास जाळीची पिशवी. फळ जाळीत घ्यावे, हिसका द्यावा. काठीकडे पाहावयाचे नसते. दृष्टी फळावर असली की हात आपण होऊन तेथे जातो. हे मी आजवर निदान चाळीस माणसांस शिकविले आहे.

डावा डोळा मिटून नेम धरला — माझी जुनी पद्धत — आणि बेडणी वर नेली. जाळी फळाच्या वीतभर डावीकडे! पुन्हा नेली. पुन्हा तेथेच. तिसऱ्या वेळी बांबूचा धक्का लागून तीन चिकू खाली पडले. उधव्याहून तोडणीस येणारी नवशी वाकून ते उचलू लागली. उचलताना तिचे खांदे हलत होते.

चिरंजीव जतीन तेथेच उभा होता. म्हणाला, "बाबा, आता तुम्ही खुर्चीवर बसा. चिकू निवडा."

आमच्या वाडीत ज्याच्या हाती बेडणी, तोच कोणत्या झाडाला केव्हा हात लावावयाचा हे ठरवितो. खुर्चीवरच्या माणसास फक्त चहा घेणार का, एवढेच विचारतात. मी जतीनला सांगितले, रविवारी परीक्षा घे. वीस फळे. दोनांहून अधिक पडली, तर खुर्ची माझी.

तो हसला. परंतु कबूल झाला.

बुधवार, ४ डिसेंबर

मागच्या कुंपणालगतच्या झाडाकडे सहसा कोणी फिरकत नाही. पहाटे तेथे सराव केला. हिशेब सोपा वाटला — नेम वीतभर उजवीकडे धरावा. तसे केले आणि सगळाच गोंधळ झाला. हात क्षणभर माझे ऐके, क्षणभर डोळ्याचे.

मग हाताला शिकविणे सोडून दिले. फळाकडे पाहावे, बेडणी न्यावी, चुकावे, पुन्हा न्यावी. साठ वेळा. शेवटी चूक चार बोटांवर आली.

घरी परतताच हिरकणीने विचारले, लेंगा चिकाने का भरला आहे. मी म्हणालो, फिरावयास गेलो होतो. "कुठं, झाडावर?"

गुरुवार, ५ डिसेंबर

दोन बोटे.

शनिवार, ७ डिसेंबर

आज एकही चुकला नाही. चहाचा कपही पहिल्याच प्रयत्नात! हात केव्हा शिकला, हे मला कळविण्याची तसदी त्याने घेतली नाही.

उद्या परीक्षा.

रविवार, ८ डिसेंबर

लिहू नये असे वाटते. तरी लिहितो.

जतीनने शेजारच्या चौघांना बोलावून ठेवले होते. त्यांना पाहून माझ्या मनात आले, या पाचरीच्या काचेने जिंकलो तर हे म्हणतील, चष्म्याने तोडले, गोविंदरावाने नव्हे. नेम धरताना डावा डोळा मिटतोच. तेव्हा दोन फळे दिसण्याची भीती नव्हती. चष्मा काढला आणि खिशात ठेवला.

फळ एकच. स्वच्छ. बेडणी वर नेली — जाळी वीतभर उजवीकडे!

वीसपैकी सात जाळीत आले. शेजारी फार सभ्य आहेत. चौघेही आकाशाकडे पाहू लागले. फक्त नवशी म्हणाली, "शेट, मंगळवारी डावीकडं, आज उजवीकडं. मधी कदी थांबनार?"

खुर्ची कोणीतरी आधीच आणून ठेवली होती.

सोमवार, ९ डिसेंबर

हिरकणीने मला न विचारता डॉक्टरांना फोन लावला, तोही मोठ्या आवाजात ठेवून. त्यांनी समजाविले, ते असे — डोळा जे दाखवितो त्यावरून हात किती न्यावा, हे मेंदू ठरवितो. चष्म्याने दृश्य डावीकडे सरकले, तेव्हा मेंदूने सहा दिवसांत वीतभराची दुरुस्ती करून घेतली. चष्मा काढला, तरी दुरुस्ती तशीच चालू राहिली. म्हणून हात पलीकडे गेला. माझा मेंदू या वयात इतक्या लवकर शिकला, याचे त्यांनी कौतुकही केले.

फोन ठेवून हिरकणी म्हणाली, "मेंदू शिकतो हो. काढू नका सांगितलेलं काढलं कोणी?"

मी चष्मा नाकावर नीट बसविला.

जेवताना मी जतीनकडे आणखी एक रविवार मागितला. मुलाकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ.

"चष्मा घालून?" त्याने विचारले.

"घालून."

"सगळ्यांसमोर?"

"त्या चौघांनाही बोलाव."

शुक्रवार, १३ डिसेंबर

सराव चालू आहे, चष्म्यासह. आता लपून नाही. नवशी मोजते, आणि चुकले की मोठ्याने मोजते.

रविवार, १५ डिसेंबर

वीसपैकी वीस. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजविल्या. जतीनने स्वतः खुर्ची उचलून पडवीत नेली.

तो परतला, तेव्हा बेडणी मी त्याच्या हातात दिली. हात शिकला, पाय शिकलेले नाहीत. काल उंचावरच्या फळांसाठी शिडी चढताना दुसरी पायरी जेथे दिसली तेथे नव्हती, आणि नवशीने पाठीमागून धरले नसते तर आज ही वही कोणी उघडली नसती. हे त्याला सांगितले. हरून सांगता आले नसते. त्याने बेडणी हातात तोलून पाहिली. मग विचारले, "बाबा, कुठल्या झाडापासून सुरू करू?"

त्याने तोडलेले पहिलेच फळ जमिनीवर पडले. त्याला चष्म्याचे निमित्तही नाही.