भावंडांचं रक्त

कवठे येमाई

सुलक्षणाआक्का,

दौंडला तुझ्या सासऱ्यांनी विचारलं, "सुनेचा हा आतड्याचा आजार माहेरचा का?" तवा मी म्हणालो, "आमच्यात कुणाला न्हाई." तू मान खाली घातलीस.

आक्का, मलाच चार वर्षं संडासवाटे रक्त पडतंय. माझ्या लेकीची, ऋतिकाची सोयरीक मोडंल म्हणून लपवलं.

परवा तुझ्या पुण्याच्या डॉक्टरांनी जनुकांच्या अभ्यासासाठी भाऊ म्हणून माझंही रक्त मागितलं, तवा फॉर्मवर खरं लिहिलं. ते म्हणाले, "आजारी भावंडांचं, दोघांचं रक्त मिळालं, फार उपयोग होईल. तुम्हीही औषध सुरू करा." मी सुरू केलंय. पण हे पत्र टाकायचा धीर होत न्हाई.

काल तुझा फोन आला. "माझ्यापायी तुला सुई टोचून घ्यावी लागली रे," म्हणालीस. मी नुसतं "हूं" म्हणालो.

तुला एकटं पाडणारा,
रोहिदास