चाळलेली माती

११ फेब्रुवारी २०१९, एकोडी

प्लास्टिक न लागलेली एक वस्तू घरात शोधून दाखवा — बक्षीस! प्लास्टिक मऊ करणारं रसायन मातीत किती उतरतं ते मोजायचं, म्हणजे नमुन्याला प्लास्टिक शिवता कामा नये. भैय्यालालकाकांच्या वांग्याच्या वावरात स्टीलचा चमचा आणि काचेच्या बरण्या घेऊन बसले. तीन वर्षं तिथे मल्चिंगचा, तण दाबणारा प्लास्टिकचा कागद अंथरला जातोय, फाटतोय, तिथेच राहतोय. काका म्हणाले, "कागद वर हाय पोरी. तू मातीत काय धुंडून राहिलीस?"

तेच तर!

१३ फेब्रुवारी

माती आईच्या पितळी परातीत, मागच्या खोलीत सावलीत सुकत घातली. खडे वेचले, दोनदा चाळली. अगदी रव्यासारखी झाली. आई म्हणाली, "घरचे तांदूळ तं येवढे कधी निवडले नाई तुनं." खरं आहे. आम्हाला तांदळाची पदवी कोण देतंय?

१८ फेब्रुवारी

शरीरात किती जातं ते लघवीत कळतं. वावरात राबणाऱ्या सहा बायकांनी बाटल्या दिल्या, हसून हसून. सातवी खुशबूवहिनीची, तुलनेसाठी. ती वावरात जातच नाही. आधीचे दोन गर्भ टिकले नाहीत. आता पाचवा महिना लागलाय, डॉक्टरांनी घरीच बसवलंय. सुगतदादा तिला पाण्याचा गुंडही उचलू देत नाही.

बाटल्या बर्फात घालून नागपूरला, प्रयोगशाळेत.

२२ फेब्रुवारी

निकाल आला. वहिनीचा आकडा साहीजणींच्या वर! घरी बसलेल्या बाईचा!

झोपच उडाली आनंदाने. गोळ्यांचं वेष्टन? डोक्याचं तेल? पावडर? डबे? दिवसभर तिच्या मागे मागे. "ताई, माही झडती घेऊन राहिल्या का?" म्हणाली. हसत होती.

२४ फेब्रुवारी

दुसरं कोडं. माती सुकली की वजन थांबायला हवं. परात मात्र रोज आठ-नऊ ग्रॅमनी हलकी होतेय. उंदीर माती खातात का?

२५ फेब्रुवारी

उंदीर नाही. वहिनी. दुपारी मी दारातून पाहिलं. चिमूट उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. पोटुशी बाई माती खाते, हे या गावात कोणाला नवीन आहे? मलाच सुचलं नाही.

आणि मनात पहिलं काय आलं, तर ग्रॅम! पोटात किती गेलं, बाहेर किती आलं, दोन्ही तोललेलं — असं कुणाला मिळतं?

हे रसायन पोटातल्या बाळाच्या वाढीत लुडबुड करू शकतं, असं मीच बायकांच्या बैठकीत सांगितलं होतं. वहिनी तेव्हा माहेरी होती. सांगायलाच हवं. आणखी दोन बाटल्या घेते, मग सांगते. इतके दिवस खाल्लीच आहे, दोन दिवसांनी काय होतंय?

२८ फेब्रुवारी

ज्या दिवशी जास्त माती, त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा जास्त. किती सरळ! माझे मार्गदर्शक सर फोनवर एकदम खूश. शेवटी विचारलं, "त्या बाईंना थांबवलं ना?"

हो म्हटलं.

१ मार्च

आज सांगणार होते. आई स्वयंपाकघरात होती, तिच्यासमोर नको वाटलं.

३ मार्च

परातीतली माती संपत आली. नवीन माती चाळून पसरली. मापात खंड नको.

६ मार्च

दहा दिवसांचे आकडे. आलेख काढला. देखणा आहे. दोनदा वहीत उतरवला, तरी मन भरेना. जेवताना दादा म्हणाला, "यंदा समदं बराबर चालून राहिलं." मी वरण मागून घेतलं.

७ मार्च

बाळ हललं. वहिनीने माझा हात ओढून पोटावर ठेवला. मग मला राहवलं नाही, सगळं सांगितलं. तिने माझा हात पोटावरून काढला. म्हणाली, "तुमी निवडली होती, चाळली होती. म्हणून मी बिनघोर खाल्ली." मग विचारलं, "तुमाले कवा मालूम झालं, ताई?"

मी म्हटलं, आजच.