आंबेपाड्याखालच्या गॅसवाहिनीचे कान उघडण्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, तलासरी, जि. पालघर

विषय : आंबेपाड्यापुरती बंद ठेवलेली गळतीची सूचना सुरू करून जागेची आजच पाहणी होणेबाबत.
संदर्भ : कंपनीच्या तक्रार क्रमांकावर मी वारंवार केलेले फोन.

महोदय,

मी आंबेपाडा अंगणवाडीची मदतनीस. अंगणवाडीमागच्या भातखाचराखालून गॅसची वाहिनी जाते. सोमवारपासून तेथील पाण्यात बुडबुडे येत आहेत व कान दिला तर फुसफुस ऐकू येते. वास नाही, म्हणून कंपनीचा रखवालदार म्हणतो की बेडूक असतील. साहेब, बेडूक मध्ये दम खातो. हे थांबतच नाही. मला फार भीती वाटते.

२. वाहिनीसोबत एक तार पुरलेली आहे. जमीन हादरली किंवा गॅस सुटला, की ती दूरच्या कंट्रोल रूमला कळवते, असे कंपनीने ग्रामसभेत सांगितले होते. गेल्या वर्षी नव्या भाताच्या दिवसांत आम्ही रिवाजाप्रमाणे तारप्याच्या सुरावर नाचलो, तेव्हा कोणी वाहिनी खोदत आहे असे समजून जीप भरून माणसे आली. पुन्हा नाचलो, पुन्हा आली. शेवटी वैतागून त्यांनी आमच्या पाड्यापुरती ती सूचनाच बंद करून टाकली.

३. आता फोन केला की उत्तर मिळते, "बाई, स्क्रीनवर तुमच्याकडे सगळं शांत आहे." शांत का आहे, हे सांगून माझा घसा बसला. काल तारपा वाजवणारे चैत्याकाका म्हणाले, "हाका मारून कोन येत नाय, त नाचूनच बोलवू." म्हणून बुडबुड्यांपासून लांब, पण वाहिनीवरच, सारा पाडा भरदुपारी जीव मुठीत धरून नाचला. नाचताना बाया रडत होत्या. जीप आली नाही.

४. पाड्यात चूल पेटलेली नाही. पोरे भिजवलेल्या पोह्यांवर आहेत. अंगणवाडीत खिचडी का शिजली नाही, याचा खुलासा माझ्याकडे मागितला आहे. खुलासा हाच, की काडेपेटी हातात घेतली की समोर बसलेली पोरे दिसतात.

तरी तपासणी होईपर्यंत गॅस बंद ठेवण्याचे, नाहीतर म्हातारेकोतारे व गुरे घेऊन आम्ही कुठे जावे याचे आदेश आजच व्हावेत. आदेश आणणाऱ्या शिपायाने गाडी आणि बिडी दोन्ही हमरस्त्यालाच ठेवाव्यात. पुढे त्याला चालत आणायला आम्ही तिथे उभे आहोत.

जीव धरून वाट पाहणारी,
चंद्रिका अमृत वरठा
आंबेपाडा, ता. तलासरी
दि. १० ऑक्टोबर २०२५

सोबत : पाड्यातील सह्या व अंगठे. फोटो जोडलेला नाही. मोबाइल घेऊन जवळ जायला कोणी धजत नाही.