नळाजवळचा कोपरा सोड

चिमणे,

तू उठायच्या आत मी निघतोय, दवाखान्यात भरती व्हायला. हर्नियाचं ऑपरेशन आहे, चार दिवसांत घरी येईन, उगाच बाऊ करू नकोस. काल जेवताना सांगणार होतो, पण तुझ्या कानात ती गाणी ऐकायची बोंडं होती.

तण रोखायचं काळं कापड मागच्या दाराशी गुंडाळून ठेवलंय. वाफ्यातलं तण मी मुळासकट काढलंय, तेव्हा आज-उद्याच अंथर, नाहीतर ते पुन्हा डोकं वर काढेल. आधी माती चांगली भिजव. दोन पट्ट्या एकमेकींवर वीतभर चढव आणि कडेचे खिळे घट्ट ठोक, तुझ्या नेहमीच्या घाईने नको. रोपं लावायची तिथे फुलीसारखी चीर दे. वरून खडी पसर, म्हणजे उन्हाने कापड विरणार नाही.

नळाजवळच्या कोपऱ्यात मात्र कापड घालू नकोस. तिथे तुझ्या आईने लावलेले निशिगंधाचे कंद आहेत. मागच्या वर्षी ते उंदरांनी खाल्ले असं मी म्हणालो, ती थाप होती. मीच न बघता त्यांच्यावर कापड घातलं होतं. काल उचकटून पाहिलं, तर तीन कोंब निघाले, पांढरेफटक, उजेड शोधत आडवे गेलेले.

तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. मग आपल्याला ती सवयच पडली.

फूल आलं की खालून फोटो पाठवू नकोस. जिन्यातून हाक मार. मी वरच असतो.

बाबा