चार बोटं लांब

१ डिसेंबर १९४६, रविवार. माधवनगर

फ्रॉकचं वाटोळं केलं! माझ्याच हातानं!

संक्रांतीला गावी, वडूजला, जायचं ठरवलंय. दीड वर्षानं! लेकीला, क्षमाला, काय न्यावं म्हणून ट्रंक उपसली, तर तिचा तांबडा लोकरी फ्रॉक निघाला. तिच्या आईनं, विजयमालानं, हातानं विणलेला. तेव्हा पोर अडीच वर्षांची. आता चार. आखूड होणारच. म्हटलं, खालचा काठ कापावा, मधे चार बोटं पट्टी जोडावी, झालं. मिलमधे रोज ताग्यांवर तागे बघतो, मला कापड कोण शिकवणार? चालवली कात्री. काठ सुटला आणि टाके भराभरा वर उसवत निघाले! धरायला गेलो तर आणखी चार गेले. टाचण्या लावून ठेवलाय.

३ डिसेंबर

घरमालकीण गुणाक्कांना दाखवला. विजयमालाला विणायला त्यांनीच शिकवलं होतं. “कात्री लावलीस? अरे देवा! हे मागावरचं कापड न्हवं रं. तिथं उभं सूत निराळं, आडवं निराळं. हितं सगळा एकच धागा. एक टाका सुटला की शेजारचा सुटतो.”

तुम्हीच नीट करून द्या म्हटलं.

“मी न्हाई. कापलास तू, विण तू.” — सायकलीच्या तारांच्या दोन सुया हातात दिल्या.

५ डिसेंबर

माझ्या खोलीत राहणारा नानासो — “काय रं आकाराम, बाळंतविडा इणतुयास? कितवा म्हैना?” अख्खी गल्ली हसली. मीही हसलो. टाका निसटला.

८ डिसेंबर, रविवार

सांगलीत लोकर शोधली. तोच तांबडा मिळाला नाही, जरा गडद मिळाला. गुणाक्का म्हणाल्या, “आधी पांढरा पट्टा घाल, मग खाली हा गडद. मुद्दाम केल्यागत दिसंल.”

दीड वर्षामागं दोघींना गावी धाडलं, त्या दिवशी हा फ्रॉक दोरीवर ओला होता. म्हणून मागं राहिला. विजयमाला म्हणाली होती, “एवढा वाळू द्या, उद्या जाते.” मी म्हणालो, “आत्ताच्या आत्ता निघ!” भांडण कशावरनं — मी मिल सोडून पुण्याला जातो म्हणत होतो, ती नको म्हणत होती. दोघींना वडूजच्या मोटारीत बसवलं. आणि पुण्याला गेलोच नाही! इथंच आहे. तीच मिल, तेच माग. आणायला मात्र गेलो नाही.

१५ डिसेंबर

सोळा ओळी विणल्या, दहा उसवल्या. धागा लय ओढतो मी. गुणाक्का — “रागानं विणू नगंस. घेर आवळतोय. पोरीला पळता याय पायजे.”

गणपतीनंतर चार दिवस सुट्टी मिळाली होती. कुंडलला कुस्त्या बघत बसलो! तिथनं वडूज काय मुलखाच्या पल्याड होतं?

२२ डिसेंबर, रविवार

माप कुणाचं घ्यायचं? पत्रानं विचारलं होतं. आज विजयमालानं गावच्या शाळामास्तरांकडनं लिहवून घेतलेलं कार्ड आलं — “इकडे सर्व खुशाल. चि. क्षमा खुशाल. यावे.” उंचीबद्दल अक्षर नाही.

गुणाक्कांची लेक सुरेखा क्षमाच्याच वयाची, पंधरा दिवसांनी धाकटी. तिलाच उभं केलं. खांद्यापासनं गुडघ्यापर्यंत दोरा धरला. पोरगी हसून हसून वाकडी! “मामा, गुदगुल्या!” आपलीही आता एवढी झाली असणार. एवढं बोलत असणार. बापाला काय म्हणत असेल कुणास ठाऊक.

खांद्यांना आणि दोन्ही बगलांना पट्ट्या विणून जोडल्या, काखेतली शिवण उसवून चौकोनी तुकडा घातला. आता हात वर केला तरी ओढणार नाही.

६ जानेवारी १९४७

झाला! शेवटची ओळ सैल मिटवली. गार पाण्यात धुतला, पिळला नाही. दोरीवर टाकायला निघालो तर गुणाक्का ओरडल्या, “आडवा पसर! टांगलास की लोंबंल.” घोंगड्यावर पसरला.

८ जानेवारी

सुरेखाला घालून बघितला. अगदी बेताचा! नानासोसुद्धा म्हणाला, “गड्या, इकत आणल्यागत दिसतुय.” पहिल्यांदाच वाटलं, घरी जायला तोंड आहे.

१४ जानेवारी. वडूज

संक्रांत. क्षमाला फ्रॉक घातला. पोटऱ्या झाकून गेल्या. आत आणखी एक पोर मावेल एवढा ढगळ. खांदे दंडावर उतरले.

विजयमाला खाली बसून काठ मुडपत होती. वर न बघताच म्हणाली, “माप काय लिवून धाडायचं, आवं? पाऊस न्हाई. रेशनच्या भाकरीवर पोर वाढतीया किती? हाय तसाच आणला असता, तर बसला असता.”