लॅपटॉप बंद नव्हता

१९ नोव्हें. २००७, सोम.
लॅपटॉपची बॅग हरवली. धारूरहून येताना एसटी नेकनूरला बंद पडली. कापडाच्या दुकानाच्या पायरीवर तासभर बसले, दुसरी गाडी आली तशी पळाले. बीडला उतरले तर हात रिकामे.
आमच्या महिला केंद्रातल्या अकरा बायकांचे पत्ते त्यात. नवऱ्याच्या मारापासून पळून लपून राहणाऱ्या. धारूरच्या कौसल्याचाही. तिचा नवरा आष्टीचा, दोनदा केंद्रात येऊन गेलाय. "सापडू तर द्या तिला," म्हणाला होता.
पुण्याला समीरला फोन, संस्थेचे कॉम्प्युटर तोच बघतो. म्हणाला, "ताई, अख्ख्या डिस्कला कुलूप घातलंय. कुणी ती काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी नुसता कचरा दिसेल."
जीव भांड्यात पडला. दोन घास जेवले.

२० नोव्हें., मंगळ.
सकाळीच समीर. "एक विचारायचं राहिलं. पूर्ण बंद केला होता ना?"
नाही. झाकण मिटलं होतं फक्त. सुरू व्हायला फार वेळ खातो म्हणून बंद करतच नाही.
"मग कुलूप उघडंच, ताई. मशीन बंद असेल तरच त्याचा उपयोग. पण झाकण उघडल्यावर पासवर्ड विचारेल ना?"
तो मीच त्याला काढायला लावला होता. सारखा टाइप करायचा कंटाळा.
पहिल्या गाडीनं नेकनूर. 
कापडाच्या दुकानाचे मालक आप्पा, साठीचे. काउंटरखालून बॅग काढून दिली. "कुनाची हाय ते बघाया उघडला. लगेच उजेड पडला. बायांची नावं, गावं. मिटला अन् ठिवून दिला. कुनाला दावला न्हाई."
"नावं वाचलीत का?"
"चष्मा नव्हता, ताई." मग म्हणाले, "असता तरी न्हाईच म्हनलो असतो."
बाहेर येऊन रडले. हसले पण.

२२ नोव्हें., गुरु.
कौ.ला सांगणं भाग होतं. धारूरला गेले. शिलाई मशीन थांबवून तिनं सगळं ऐकलं.
"माजा पत्ता तुमी लिवलाच कावून?"
फॉर्मवर रकाना होता, भरला.
खोली बदलू म्हटलं. "त्या दुकानवाल्याला सांगायचं असतं तर आत्तापत्तुर माजा नवरा दारात आला असता. न्हाई आला. ऱ्हाऊ द्या." तिनं चहा ठेवला. लई हलकं वाटलं. परत येताना गाडीत झोपच लागली.

२३ नोव्हें., शुक्र.
पत्ते पुसले. समीर म्हणतो, गेल्या महिन्यात मी ईमेलनं पाठवलेली हीच यादी पुण्याच्या ऑफिसात छापून ठेवलीय. कागदाला कसलं कुलूप. कोणाच्या कपाटात आहे, शोधतोय.

२७ नोव्हें., मंगळ.
कागद अजून सापडला नाही.
आष्टीहून कोणी आलं नाही. दारावर थाप पडली तरी आता दचकत नाही.
कौ. धरून सहा जणींना सांगून झालं, पाच राहिल्या. बहुतेकींनी शांतपणे ऐकलं. नेकनूरजवळची एक मात्र ऐकता ऐकताच कपडे पिशवीत भरायला लागली. पोराला कडेवर घेऊन फोन करून बोलावलेल्या भावाच्या मोटारसायकलवर बसली. कुठे चाललीय ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.